भुरीची पाठ

ताई पहिल्या पाळीहून घरी आली तेव्हा मागच्या दाराशी पिसं पडलेली होती. एखाद-दुसरं पीस नेहमीच असायचं, पण आजची पिसं उशी उसवल्यासारखी सगळ्या पायरीवर पसरली होती आणि त्यातल्या काहींची टोकं ओली, लाल होती. तिने ती पाहिली आणि पाहिलीच नाहीत असं करून आत जायचं ठरवलं. पाय एवढे सुजले होते की चपलेचा पट्टा रुतून बसला होता. आधी पाठ टेकायची, मग बाकीचं जग.

दाराशेजारच्या खुर्चीत अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर मालधक्क्यावर क्रेन चालवली, आता गुडघे गेले, तेव्हापासून मागचं अंगण आणि त्यातलं कोंबड्यांचं खुराडं एवढंच त्यांचं बघायचं ठिकाण. दुसरी माणसं टीव्ही बघतात तसे ते कोंबड्या बघत.

"भुरीला जरा लागलंय," अण्णा म्हणाले.

अण्णांचं 'जरा' तिला पाठ होतं. आई पहिल्यांदा चक्कर येऊन पडली तेव्हाही 'तिला जरा बरं नाही' असाच फोन आला होता. ताई तशीच मागे वळली.

भुरी खुराड्याच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपामागे तोंड खुपसून उभी होती. शिक्षा झालेल्या पोरासारखी, भिंतीकडे तोंड करून. पाठीवरची पिसं मानेपासून शेपटीपर्यंत उपटली गेली होती आणि मधोमध तळहाताएवढी कातडी सोललेली होती. तुऱ्याचं एक टोक लोंबत होतं. बाकीच्या कोंबड्या आपल्या कामात असल्यासारख्या माती उकरत होत्या, पण उकरता उकरता एकेक जणी मागून यायची, त्या लाल जागेवर चोच मारायची आणि जणू काही झालंच नाही अशी पुढे जायची. भुरी ओरडतसुद्धा नव्हती. चोच बसली की नुसती आणखी आत सरकायची, आणि आत सरकायला आता जागाच उरली नव्हती.

"कधीपासून चाललंय हे?"

"सकाळपासून. नाही, तसं कालही थोडंसं होतं," अण्णा म्हणाले.

ताई आत गेली आणि गणवेशही न बदलता पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले. डोळ्यांपुढे ती पाठ आली. कूस बदलली, तरी ती पाठ. शेवटी "मेलीने झोपूसुद्धा दिलं नाही" असं पुटपुटत ती उठली.

तिला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणून त्याची बायको म्हणायला लागली, मग शेजारीपाजारी, मग कामावरच्या बायका, आणि कधीतरी अण्णासुद्धा. पन्नाशी ओलांडली तरी तिचं दुसरं नाव कोणाला आठवायची वेळ आली नव्हती. लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. तेव्हा आई आजारी होती आणि घरात माणूस हवंच होतं, त्यामुळे ती कशी आली आणि का राहिली हे कोणी विचारलं नाही. भावाचं लग्न झालं तेव्हा पुढची खोली त्याला मिळाली आणि ताई मागच्या खोलीत गेली. आईचं दुखणं लांबलं, ते ताईने काढलं. आई गेली, अण्णांचे गुडघे बसले, तेही ताईकडे आले. कोंबड्या अण्णांच्या होत्या. कौतुकापुरत्या. दाणे टाकणं, पाणी बदलणं, घाण खरवडणं हे ताईचं.

आणि त्याच्या आधी दुपारपर्यंत इस्पितळातली धुलाई. इस्पितळाच्या तळघरात मोठमोठे ड्रम फिरत असायचे, वाफेने भिंती घामेजायच्या, वरच्या मजल्यांवरून चादरींची गाठोडी येत राहायची. ताईचं काम डाग वेगळे काढायचं. रक्ताचं कापड आधी गार पाण्यात, कारण गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो. मग चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, झटका द्यायचा, घडी घालायची, परत झटका. तिच्या समोर घडीला उभी राहणारी बाई गेली कित्येक वर्षं तीच होती. तिला सगळ्या 'जोडी' म्हणत. ताईची जोडी, म्हणून. जोडीचं तोंड चादरीपेक्षा जास्त हलायचं, आणि ताईला ते बरं वाटायचं, कारण मग आपल्याला बोलावं लागत नाही.

तर त्या दुपारी ताईने कपड्यांची जाळीदार टोपली रिकामी केली, तळाशी जुना टॉवेल टाकला आणि भुरीला उचलून आपल्या खोलीत आणलं. कोमट पाण्यात मीठ घालून जखम धुतली. कोंबडी धडपडेल असं तिला वाटलं होतं, पण भुरी हातात अशी पडून राहिली की ताईलाच धास्ती वाटली. छातीवर बोट ठेवून पाहिलं. आत धडधड चालली होती, शिवणयंत्र पळत सुटावं तशी.

संध्याकाळी घरात बातमी पसरली. भावजय खोलीच्या उंबऱ्याशी आली, काहीतरी करपल्यासारखं नाक मुरडलं आणि म्हणाली, "ताई, खोलीतच ठेवणार?"

"मग कुठे ठेवू? तुझ्या कपाटात?"

भावजय हसली नाही. ती आली त्याच पावली परत गेली. दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं आणि कधी जमलंही नव्हतं. एका घरात राहणाऱ्या दोन भाडेकरणींसारख्या त्या एकमेकींना वाट देऊन राहत.

"कापून टाकू की," जेवताना अण्णा म्हणाले. "तिचे हाल, तुझेही हाल."

"ताईला हौस आहे," भाऊ ताटातून मान वर न काढता म्हणाला.

"हौस!" ताई म्हणाली आणि तिला हसू फुटलं. ते लवकर थांबेना. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, भावजयीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

खोलीत कोंबडी ठेवणं म्हणजे काय असतं ते पुढच्या दिवसांत ताईला कळलं. उजाडायच्या आत भुरी टोपलीत उकरायला लागायची. वास तर असा, की ताईच्या गणवेशालाही यायला लागला. घडी घालताना जोडीने हुंगून विचारलं, "काय गं, नवीन अत्तर का?" ताई सकाळी निघण्याआधी टॉवेल बदलायची, आल्यावर जखम धुवायची, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून भरवायची. कोंबडीला अंडं भरवताना तिला कसंसंच व्हायचं, पण भुरी ते आवडीने खायची. हळूहळू जखमेवर खपली धरली. भुरी टोपलीच्या काठावर चढून बसायला लागली आणि ताई आली की गळ्यातल्या गळ्यात काहीतरी कुरकुरायची. ताईला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की ही एकदाची बाहेर जावी आणि आपल्याला आपली खोली मिळावी.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने भुरीला परत खुराड्यात सोडलं.

क्षणभर सगळ्या स्तब्ध झाल्या. मग ठिपकी पुढे आली. ठिपकी ही काळ्यावर पांढरे ठिपके असलेली, अंगाने लहानखुरी, नीटनेटकी कोंबडी, अण्णांची लाडकी. त्यांच्या गुडघ्यावर चढून हातातले दाणे खायची. ती मान खाली घालून भुरीकडे चालत आली आणि कसलाही आवाज न करता तिच्या तुऱ्यावर झेपावली. मग बाकीच्यांना जणू परवानगीच मिळाली. ताई जाळीचं दार उघडून आत घुसेपर्यंत खपली निघाली होती, पिसं उडत होती, भुरी खाली आणि तिच्यावर सगळ्या. ताईने हातांनी बाजूला सारलं, तिच्या मनगटावरही दोन-चार चोची बसल्या. तिने भुरीला उचलून पोटाशी धरलं आणि उठायला गेली.

तिला उठता येईना.

तसं काही झालं नव्हतं. पाय मुरगळला नव्हता, चक्कर आली नव्हती. नुसतं अंगातलं सगळं त्राण कोणीतरी काढून नेल्यासारखं झालं. ती तिथेच बसली, त्या घाणीत, पाठ जाळीला टेकून. मांडीवर कोंबडी. गणवेश नव्हता, सुट्टीचा बरा कपडा होता, त्यावर रक्त पसरत होतं, आणि तिच्या मनात आलं, गार पाण्यात भिजवायला हवं. पण हेसुद्धा उठून करायचं होतं. अण्णा खुर्चीतून हाका मारत होते. "ताई! अगं ताई!" तिला ऐकू येत होतं. उत्तर द्यायला तोंड उघडायचंही जिवावर आलं होतं.

भावजय स्वयंपाकघरातून धावत आली. हातात लाटणं की काय ते तसंच. जाळीशी येऊन थबकली. तिला कोंबड्यांची भीती वाटायची, लग्न होऊन आली तेव्हापासून तिने खुराड्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"ताई, उठा."

"उठते."

"उठत नाही आहात."

"उठते गं. जरा बसू दे."

भावजयीने इकडेतिकडे पाहिलं, पाय झाडून एका कोंबडीला हाकललं, डोळे बारीक करून आत आली आणि ताईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. ताईला वाटलं होतं त्याहून तिच्या हाताला जोर होता.

"हिला डॉक्टरकडे नेऊ," भावजय म्हणाली. "मी गाडी काढते."

जनावरांचा दवाखाना दूर होता. भावजय स्कूटर चालवत होती, मागे ताई, आणि ताईच्या मांडीवर पिशवीतून मान बाहेर काढलेली भुरी. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस टक लावून बघायला लागला.

"काय बघता?" भावजय म्हणाली. "माहेरपणाला चाललीये."

ताई तिच्या पाठीमागे हसली. ही अशी बोलू शकते हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि ताईइतक्याच दमलेल्या दिसत होत्या. टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा उघडा होता. त्यांनी जखम पाहिली, साफ केली, दोन टाके घातले आणि वर एक गडद जांभळं औषध फासलं.

"हे लावत राहा. जखम लाल दिसली की बाकीच्या टोचतात, जांभळी दिसली की तेवढ्या नाही टोचत. जखम जुनी दिसते, मागच्या वेळी काय केलं होतंत?"

"घरात ठेवलं होतं. बरी झाल्यावर सोडलं."

"म्हणजे मार हिने खाल्ला आणि कोंडलंही हिलाच." त्या हात धुता धुता बोलत होत्या, ओरडल्यासारख्या नाही. "इतके दिवस ही दिसली नाही की बाकीच्यांच्या लेखी ही परकी. परत गेली की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवात कोण करते ते बघितलंत?"

"बघितलं."

"मग तिला काढा बाहेर. आठवडाभर तरी. हिची खपली धरेपर्यंत हिला तिथेच ठेवा, पण मध्ये जाळी लावून. बाकीच्यांना ही दिसू दे. आणि खाण्याचं भांडं एकच आहे का?"

"एकच."

"दोन ठेवा, लांब लांब."

घरी येईपर्यंत ताईने मनाशी सगळं ठरवलं होतं. अवघड एवढंच होतं की सुरुवात करणारी त्या वेळी अण्णांच्या गुडघ्यावर बसली होती.

"अण्णा, ठिपकीला द्या."

"का?"

"तिला टोपलीत ठेवायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"हिने काय केलंय?" अण्णांनी ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढीशी तर आहे. मारतात त्या धिप्पाड पांढऱ्या."

"तुम्ही इथेच बसून असता ना दिवसभर? तुम्हाला दिसत नाही कोण आधी जातं?"

अण्णांचा हात ठिपकीच्या पाठीवर थांबला.

"दिसतं ना?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला आवाजच शिल्लक नव्हता. "नुसती काठी आपटली असती तरी त्या पांगल्या असत्या. उठायचंसुद्धा नव्हतं. बसल्या जागी."

"कोंबड्या आहेत त्या. असंच असतं त्यांच्यात."

"असेल."

"मध्ये पडलं की नंतर जास्त मारतात," अण्णा खाली बघून म्हणाले. "धक्क्यावर तसंच होतं."

ताईने ऐकलं. दुसऱ्या एखाद्या दिवशी तिने विचारलं असतं, काय होतं धक्क्यावर, कोणाला मारायचे. त्या दिवशी तिच्यात ते विचारायची ताकद नव्हती. तिने वाकून ठिपकीला दोन्ही हातांनी उचललं. अण्णांनी अडवलं नाही, पण त्या रात्री जेवायला बसले नाहीत. भावाने हाक मारली, भावजयीने ताट नेऊन ठेवलं, तरी नाही.

"म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं एका कोंबडीपायी?" भाऊ म्हणाला.

"तू जाऊन समजाव," भावजय त्याला म्हणाली. "ताई झोपल्यात."

ताई झोपली नव्हती, पडून होती. पण असं कोणीतरी आपल्या वतीने खोटं बोललं हे ऐकून तिला खरोखरच झोप लागली.

खुराड्याच्या एका बाजूला भावाने, कुरकुरत का होईना, जाळीचा आडोसा करून दिला. भुरी त्यात राहिली, जांभळ्या पाठीची, एखाद्या पोराने शाई सांडल्यासारखी. पलीकडे बाकीच्या. पहिले एक-दोन दिवस त्या जाळीशी येऊन चोची आपटून गेल्या, मग कंटाळल्या. अण्णांनी ताईशी बोलणं टाकलं होतं. ती चहा ठेवायची, ते घ्यायचे, बस. ठिपकी आता खोलीत होती आणि ती भुरीसारखी गरीब नव्हती. दिवसभर टोपली ठोठावायची, रागाने ओरडायची, बलक दिला तर बोटालाच चोच.

त्याच आठवड्यात ताई कामावर झोपली. गाठोडी मोजून घ्यायला खाली बसली, टेकली आणि न धुतलेल्या चादरींच्या ढिगावर तिचा डोळा लागला. मुकादम फेरीला आला तेव्हा जोडीने तिच्यावर एक चादर टाकली आणि समोर उभी राहून त्याच्याशी वाफेच्या गळक्या नळाबद्दल इतकं बोलली की तो बिचारा पळाला. ताईला जाग आली तेव्हा पाळी संपत आली होती आणि जोडी एकटीच चादरीचं एक टोक खिळ्याला अडकवून घड्या घालत होती.

"उठवलं का नाहीस?"

"उठवून काय केलं असतंस? उभी राहून झोपली असतीस." जोडीने खिळ्यावरचं टोक काढून तिच्या हातात दिलं. "घरी कोणाला सांगतेस का कधी, की दमलेय म्हणून?"

"त्यांना दिसत नाही का?"

"नाही दिसत. मला तरी कुठे दिसलं, तू पडलीस तेव्हा कळलं. धर नीट."

भुरीची खपली वाळली तेव्हा ताईने आडोसा काढला. दोन भांडी दोन टोकांना ठेवली. भुरी बराच वेळ जागची हलली नाही. मग बाकीच्या एका भांड्याशी गर्दी करून असताना ती दुसऱ्या भांड्याकडे भिंतीच्या कडेने गेली आणि खायला लागली. धिप्पाड पांढरी एकदा तिच्या दिशेने वळली. तेवढ्यात मागे, अण्णांच्या खुर्चीपाशी, जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज झाला. पांढरी थांबली. ताईने मागे पाहिलं नाही.

पुढे काही दिवसांनी ठिपकीलाही सोडलं. ती ऐटीत आत गेली, पण तोवर पांढरीने तिची जागा घेतली होती. तिने ठिपकीला असं हुसकावलं की ठिपकी पिंपामागे जाऊन उभी राहिली. आणि मग ताईने जे पाहिलं त्यावर हसावं की रडावं तिला कळेना. भुरी खाता खाता थांबली, चालत पिंपापर्यंत गेली आणि ठिपकीच्या मानेवर एक चोच मारून परत आली.

"जा बाई," ताई म्हणाली, "तूही त्यातलीच."

"पाहिलंस?" अण्णा म्हणाले. त्या दिवसानंतर ताईशी पहिल्यांदा. "मी म्हणत होतो ना, कोंबड्या आहेत त्या."

"म्हणून तर काठी हातात ठेवा," ताई म्हणाली.

भुरीच्या पाठीवर नवीन पिसं आली, पण वेडीवाकडी, रंगाने फिकट. ती पुढेही शेवटीच खायची, पण पोटभर खायची.

एका दुपारी कामावरून आल्यावर ताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. भावजय भांडी विसळत होती. ताईला जे बोलायचं होतं ते तिने तळघरापासून घरापर्यंत मनात घोळवलं होतं.

"अगं, ऐक ना. संध्याकाळचं खुराडं तू बघशील का? सकाळचं मी बघते."

भावजयीने नळ बंद केला. "मी? मला चावतात त्या."

"चावत नाहीत, टोचतात."

"ते काय वेगळं असतं?" तिने नेहमीसारखे अंगातल्या कपड्यालाच हात पुसले. "रोज?"

"रोज. मी दमते गं."

भावजय तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी तिखट बोलेल असं ताईला वाटलं. "झाडू घेऊन गेले तर चालेल ना?" भावजय म्हणाली.

"चालेल."

त्या संध्याकाळी ताई आपल्या खोलीत पलंगावर पडली होती. खिडकी उघडी होती. बाहेरून "हुश, हुश, अगं हुश!" असा आरडाओरडा, झाडूची फडफड, कोंबड्यांचा कलकलाट आणि मध्येच अण्णांचं "दार लाव आधी, दार!" ऐकू येत होतं. दाणे सगळे एकाच जागी ओतल्याचा आवाज झाला. दोन भांड्यांत घालायचे हे सांगायला हवं, ताईच्या मनात आलं. पाणीही जुनंच ठेवलं असणार. तिने एक कोपर टेकून अंग अर्धवट उचललं. मग परत उशीवर डोकं टाकलं, चादर अंगावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.